पुढल्या अध्यायाच्या पाच ओव्या

प्रकरण संपलं की खुणेची चिठ्ठी घालून पुस्तक मिटायचं आणि शांतपणे कामाला लागायचं, हे ज्यांना जमतं त्यांचा मला लहानपणापासून राग आहे. मला ते कधीच जमलेलं नाही. प्रकरण संपलं की माझा जीव खालीवर व्हायला लागतो. पुढच्या प्रकरणाची निदान पहिली ओळ बघून घेऊ, म्हणून मी पान उलटते, आणि एकदा उलटलं की गेलंच. या खोडीपायी भाज्या करपल्यात, दूध उतू गेलंय, आणि एकदा कोल्हापूरहून गावी येताना तळेऱ्याला उतरायचं ते न उतरता मी तशीच विजयदुर्गाच्या रस्त्याला लागले होते. कंडक्टर म्हणाला, "बाई, एवढं काय वाचताय?" मी म्हटलं, "तुम्हाला काय करायचंय?" चूक माझी होती. पण मी चुकले की मला आधी राग येतो, मग चूक कळते.

गंमत अशी की माझं पोटही यावरच चालतं. मी मुद्रितशोधक आहे. पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातले ऱ्हस्वदीर्घ, गळलेली अक्षरं, दोनदा पडलेल्या ओळी शोधून काढायच्या, हे माझं काम. कोल्हापुरात एका प्रकाशकाकडे अठरा वर्षं मी हे काम खुर्चीत बसून केलं. तिथे मालकांचा एक नियम होता. नवं प्रकरण उजव्या पानावरच सुरू झालं पाहिजे. आधीचं प्रकरण उजव्या पानावर संपलं, तर मधलं डावं पान कोरं सोडायचं. मला त्या कोऱ्या पानाचा फार जाच व्हायचा. मी म्हणायचे, "कागद फुकट जातो." मालक म्हणायचे, "ताई, वाचणाऱ्याला जरा श्वास घ्यायला जागा नको?" मला तरी नको होती. श्वास काय, पुढच्या प्रकरणातही घेता येतो.

आणखी एक गोष्ट या धंद्यात लवकर कळते. बारीक अक्षरातली चूक सापडते. प्रकरणाच्या नावातली, मोठ्या ठळक अक्षरातली चूक मात्र चार जणांच्या डोळ्यांखालून जाते आणि कुणालाच दिसत नाही, कारण ते अक्षर कुणी वाचतच नाही, सगळे नुसतं बघतात. माझ्याही हातून अशा दोन सुटल्या आहेत. त्या आठवल्या की अजून कानशिलं तापतात.

सहा वर्षांपूर्वी आचऱ्याला आमच्या अंगणात आई घसरली आणि तिचा खुबा मोडला. मी पंधरा दिवसांची रजा टाकून आले. ती रजा सहा वर्षं संपली नाही. ऑपरेशन झालं, पण आई पुन्हा चालली नाही. धरून बसवलं की बसते, खुर्चीत घालून पडवीत नेलं की खूश होते, एवढंच. घरात भाऊ आहे, वहिनी आहे. भाऊ स्वतःचा छोटा टेम्पो चालवतो. वहिनी घर सांभाळते, काजूची बाग सांभाळते, आईची पेज, औषधं, अंथरुणं सगळं निगुतीने करते, आणि त्यातलं एक अक्षर बोलून दाखवत नाही. मी मोठ्या तोंडाची, ती अबोल. आमचं त्यामुळेच बरं जमतं. माझं लग्न झालेलं नाही. का झालं नाही, ही चौकशी गावाने करून झालेली आहे, इथे परत नको.

मग मी सहा वर्षं का अडकले? तर एका गोष्टीपायी. आईची आंघोळ. आई माझ्याशिवाय कुणाला अंगाला हात लावू द्यायची नाही. दुसऱ्या वर्षी मी तापाने फणफणले होते, तेव्हा वहिनीने एकदा तिला आंघोळ घातली. आई दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पेज घेतली नाही, पाणी घेतलं नाही. संध्याकाळी मला म्हणाली, "सुनेसमोर मी उघडी बसतलंय? त्यापरास माका हंयच पुरून टाका." वहिनी दाराआड उभी होती. तिने ते ऐकलं आणि आत जाऊन भाकऱ्या थापायला लागली. त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही. मी तापातच दुसऱ्या दिवशी उठून पाणी तापवलं.

तेव्हापासून माझं काम असं: सकाळी आईची आंघोळ, मग कोल्हापूरहून कुरिअरने आलेली मुद्रितं, म्हणजे प्रुफं, तपासायची, परत पाठवायची. पडद्यावर वाचलं की मला चुका दिसत नाहीत, मला कागद लागतो, म्हणून मालक माझ्यासाठी छापून पाठवायचे. मोठी मेहरबानी. पण लेखकांच्या भेटी नाहीत, अक्षरजुळणी करणाऱ्यांशी भांडणं नाहीत, चहाच्या टपरीवर एखाद्या शब्दावरून तासभर वाद नाहीत. दर महिन्याला वाटायचं, हे प्रकरण कधी संपणार? आणि मग एक दिवस मला कळलं की मी वाट बघतेय. कशाची, ते लिहिताना हात अडतो, पण लिहिते. आई जाण्याची. जिला रोज साबण लावत होते, जिचे केस विंचरत होते, तिच्या जाण्याची मी वाट बघत होते. स्वतःची एवढी लाज मला दुसऱ्या कशाची वाटलेली नाही. आणि लाज वाटली म्हणून वाट बघणं थांबलं, असंही झालं नाही.

अशात गेल्या हिवाळ्यात मालकांचा फोन आला. आमच्या घरी मोबाइलला रेंज मिळते ती फक्त मागच्या बावडीच्या, म्हणजे विहिरीच्या, कठड्याशी, तीही कठड्याला टेकून उभं राहिलं तर. तिथे मी फोन घेतला. मालक म्हणाले, "ताई, माझं वय झालं. मुद्रितांची सगळी बाजू तुम्ही हातात घ्या. पण इथे येऊन. घरून नाही. पहिल्या तारखेपासून. होय का नाही, तेवढं स्पष्ट सांगा." माझ्या पायाखालची बावडी हलली म्हणायची. मी म्हटलं, "आमची गावपळण आहे. ती होऊ दे. घरी परत आलो की सांगते." मालकांना वाटलं असेल, बाईने काय सबब शोधली!

सबब नव्हती. काही वर्षांनी एकदा आमचं आख्खं गाव तीन दिवस, तीन रात्री गाव सोडून जातं. ग्रामदेवाला कौल लावतात, देवाचा हुकूम झाला की दिवस ठरतो. त्या दिवशी देवळात नौबत वाजली की घरं बंद करायची आणि माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं सगळ्यांनी गावाच्या शिमेबाहेर पडायचं. शीम म्हणजे हद्द. मग तीन दिवस गावात चिटपाखरू नाही. माणसाने मधे शीम ओलांडून आत जायचं नाही, चूल पेटवायची नाही, केर काढायचा नाही. चौथ्या दिवशी देवाला परत विचारायचं. उजवा कौल मिळाला तर घरी, नाहीतर आणखी एक दिवस बाहेर. हिंदू काय, मुसलमान काय, ख्रिस्ती काय, सगळे जातात. दुकानं बंद. लोक याला सण म्हणतात. मला मात्र लहानपणापासून धाकधूक वाटते. रिकामं गाव आपल्यामागे काय करत असेल, असं काहीतरी डोक्यात येत राहतं.

त्या दिवशी सकाळपासून घरात नुसती धावपळ होती. भावाने टेम्पोत आधी आईची खाट चढवली, मग आई, मग भांडी, मग टोपलीत बांधलेल्या कोंबड्या. मी माझी मुद्रितं घेतली होती. एका कादंबरीची. सातवं प्रकरण तपासून झालं होतं आणि आठवं राहिलं होतं. सातव्याच्या शेवटी कादंबरीतली बाई तिठ्यावर उभी राहते आणि कुठल्या रस्त्याने जाते, ते लेखकाने सांगितलेलं नाही. आठव्यात सांगणार. तीन दिवस निवांत बसून आठवं तपासू, असा माझा बेत होता. नौबत वाजली. वहिनी ओरडली, "वन्स, चला!" मी ओटीवरची कापडी पिशवी उचलली, कुलूप लावलं आणि धावत टेम्पोत बसले.

शिमेवर सगळे थांबले. शेजारचे म्हातारे काका, वाडीच्या वतीने देवाला गाऱ्हाणं तेच घालतात, हात जोडून उभे राहिले आणि खड्या आवाजात सुरू झाले, "बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरां तुझ्या हुकमान घराभायर पडली आसत. कोणाच्या पायाक काटो लागू नये, गुरावासराक बाधा येऊ नये, आणि जशी गेली तशी सगळी सुखरूप घराक परत येवंदेत रे म्हाराजा!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" मीही मोठ्याने म्हणाले. आणि म्हणता म्हणता जाणवलं, मला परत यायचंच नाहीये.

खाडीच्या वरच्या अंगाला माळावर आमची खोपी होती. बांबूचे चार खांब, वर माडाची विणलेली झापं, तिन्ही बाजूंना जुन्या साड्या. आईची खाट मधोमध लावली. सामान लागलं, चूल पेटली, आणि मी चटईवर बसून ऐटीत चष्मा पुसला आणि पिशवी उघडली. आत सोडे. सोलून वाळवलेली कोळंबी, किलोभर. दोन्ही पिशव्या एकाच कापडाच्या, वहिनीनेच शिवलेल्या. ओटीवर शेजारी शेजारी टांगल्या होत्या. मुद्रितांची पिशवी घरात, कुलपात, शिमेच्या आत. सोडे माझ्या मांडीवर.

वहिनी पदर तोंडाला लावून हसली. आई तर खाटेवर हलत हलत हसली. "वाच गो," ती म्हणाली. "शुद्धलेखन बघ तेंचा."

मला हसू आलं नाही. तिडीक गेली डोक्यात. मी भावाला म्हटलं, "टेम्पो काढ. पाच मिनिटांचं काम आहे. कोण बघतंय?"

भाऊ चार शब्दांच्या वर बोलत नाही, पण त्या दिवशी बोलला. "देव बघता. तुझ्या चार कागदांसाठी मी शीम मोडू? तीन दिस नाय वाचलंस तर मरतलंस?"

"मरतलंय," मी म्हटलं आणि उठून चालायला लागले.

मग तीन दिवस मी नुसती चालत होते. खोपीपासून खाडीपर्यंत, खाडीपासून वरच्या सड्यापर्यंत, म्हणजे उघड्या कातळापर्यंत, परत खोपीत, परत खाडीवर. बाकी सगळं गाव मजेत होतं. बायका फुगड्या घालत होत्या, पुरुष पत्ते कुटत होते, गळ टाकून मासे गरवत होते. संध्याकाळी भजन. माझे हात शिवशिवत होते. हातात लाल पेन नाही, समोर कागद नाही. कुणाच्या तरी खोपीला गुंडाळलेल्या जाहिरातीच्या कापडावरचे दोन ऱ्हस्व मी मनातल्या मनात दीर्घ केले, आणि स्वतःचीच कीव आली. कादंबरीतली ती बाई कुठल्या रस्त्याने गेली असेल, हा विचार करता करता कळायचं नाही की मी तिच्याबद्दल विचार करतेय का माझ्याबद्दल. जायचं तर आईला सोडून जायचं. तिला आंघोळ कोण घालणार? ती भिंतीकडे तोंड करून पडून राहील. आणि मी तिकडे खुर्चीत बसून कुणाच्या तरी वेलांट्या दुरुस्त करणार. आणि नाही जायचं तर? तर पुन्हा तेच, पुन्हा ते वाट बघणं.

आई मात्र बदलली होती. घरात ती एका खोलीत छताकडे बघत पडलेली असायची. इथे खोपीच्या तीन साड्या वर बांधल्या की चहूकडून जग. येणारा-जाणारा तिच्या खाटेवर टेकायचा. कुणाची सून बाळंत झाली, कोण वारलं, सगळ्याची उजळणी. सहा वर्षांत ती जेवढी बोलली नसेल तेवढं एका दिवसात बोलली. मला बघितलं की म्हणायची, "मुंगयो चावतत काय गो तुका? एका जाग्यार बस." मी बसायचे आणि पुन्हा उठायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीवर पाणी तापवून साड्यांच्या आडोशाला मी तिचं अंग पुसून घेतलं. त्यातही माझं लक्ष नव्हतं. ती म्हणाली, "हात खंय आणि डोळे खंय तुझे?" मी म्हटलं, "गप्प बस आये."

तिसऱ्या दिवशी सकाळी माझा निर्णय झाला. म्हणजे मी तो करून टाकला, कारण मला आणखी एक तास तसं राहणं शक्य नव्हतं. आईला उठल्यावर आंघोळ घालू, असं वहिनीला सांगून मी सड्यावर गेले. तिथे रेंज चांगली होती. मालकांना फोन लावला आणि म्हटलं, "मला जमणार नाही. आईला माझ्याशिवाय नाही चालत." मालक म्हणाले, "तुमची मर्जी. पण महिनाअखेरपर्यंत मी दुसऱ्या कुणाला विचारत नाही." मी फोन ठेवला. डोळे भरून आले. खरं सांगायचं तर मला स्वतःबद्दल फार भारी वाटत होतं. एवढी मोठी गोष्ट सोडली मी, आईसाठी. उतरताना चालसुद्धा बदलली होती माझी. आता आईला प्रेमाने आंघोळ घालू, आज अजिबात चिडायचं नाही, असं ठरवत मी खोपीत शिरले.

आई न्हालेली होती. धुवट लुगडं, केस विंचरून बांधलेले, कपाळाला गंध. खाटेखाली ओला टॉवेल. वहिनी बाहेर भांडी घासत होती, तिने वर बघितलं नाही.

"आये, ह्या काय?"

"न्हालंय."

"कोणी आंगोळ घातली?"

"वयनीन. दुसरा कोण आसा हंय?"

मला काय व्हायला हवं होतं? आनंद व्हायला हवा होता. सहा वर्षांची बेडी तुटली होती. पण झालं वेगळंच. आपल्या ताटातलं कुणी उचलून न्यावं तसं झालं. मी ओरडले. खोपीला भिंती नाहीत हेही विसरले. "सहा वर्सां तुका तिचो हात चलाक नाय, आणि आज चललो? सहा वर्सां मी हंय कित्याक बसलंय मगे?"

शेजारच्या खोपीतले पत्तेवाले माना वळवून बघायला लागले. आई शांत होती. म्हणाली, "घराक आसताना माका लाज वाटत होती. भिंती आसल्यार लाज वाटता. हंय सगळ्यांचाच उघड्यार चल्लाहा, तेतूर माझा काय?" मग म्हणाली, "आणि तू बावडेर उभी रवान फोनार आरडत होतंस, तेवां माझे कान खंय गेलले? माका म्हायत आसा सगळा. तुका कोल्हापुराक बोलवल्यानी."

मी म्हटलं, "मी नाय म्हणान सांगितलंय. आताच. संपला ता."

आईने माझ्याकडे असं बघितलं की मला चौथीत असल्यासारखं वाटलं. "श्रावणात पोथी वाचूक बसतंव तेवां काय करतंव गो आपण? अध्याय संपलो काय पोथी बांधतंव?"

नाही बांधत. आमच्या घरात श्रावणात रोज एक अध्याय वाचायची रीत. आई चालती होती तोवर ती वाचायची, आम्ही ऐकायचो. पण अध्याय संपला म्हणून पोथी मिटायची नाही. पुढल्या अध्यायाच्या पाच ओव्या वाचायच्या आणि मगच फडक्यात बांधायची. संपल्या जागी पोथी मिटली तर ती तिथेच अडून बसते, असं आई म्हणायची. त्या पाच ओव्यांमुळे मला केवढं बरं वाटायचं! पुढे काय होणार त्याचा जरासा वास लागायचा.

"तू गेल्यार मगे सुरू केला आसता तर माका जमला नसता," आई म्हणाली. "तू हंय आसस, तवसर पाच ओवयो वाचून घेतलंय. परत फोन कर तेका."

"करूचंय नाय," मी म्हटलं आणि तरातरा खाडीवर गेले.

हट्ट होता तो निव्वळ. नोकरी सोडण्याचा मोठेपणा मी घेणार होते, तो तिने माझ्या हातून काढून घेतला होता. संध्याकाळी वहिनी भांडी धुवायला खाडीवर आली. माझ्याशेजारी बसली. एक पातेलं घासता घासता म्हणाली, "वन्स, रागावू नकात. आये डोळे गच्च मिटान बसली होती. सगळा होयसर. माझी बांगडी धरल्यान ती शेवटापर्यंत सोडल्यान नाय." एवढंच बोलली आणि पातेली उचलून गेली. मी तिथेच बसले. तीन दिवसांत पहिल्यांदा एका जागी बसले.

चौथ्या दिवशी देवाने उजवा कौल दिला. नौबत वाजली आणि गाव परत आत शिरलं. अंगणात माडाची झावळं पडलेली, उंबऱ्यावर मुंग्यांची रांग, बावडीजवळ कुठल्यातरी जनावराची पावलं. कुलूप काढलं. मुद्रितांची पिशवी ओटीवर होती तशी होती. मी ती खुंटीवरून काढली नाही. आठवं प्रकरण समोर असून मी उघडलं नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. मालकांनाही फोन केला नाही. अजून हट्ट होताच, आणि त्याच्या तळाशी एक भाबडी आशा होती, की तिथली गोष्ट तिथे. भिंती परत आल्या, म्हणजे लाजही परत येईल. आई पुन्हा माझीच होईल. मग नाही म्हटलेलं नाहीच राहील आणि त्याचा दोष कुणाला तरी देता येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी न्हाणीची चूल पेटवली. तीन रात्रींच्या दवाने लाकडं ओली झाली होती. नुसता धूर. फुंकून फुंकून डोळे लाल झाले, पण हंडा काही तापेना. तरी मी टॉवेल, साबण, धुवट लुगडं घेऊन आईच्या खोलीत गेले. "चल आये," म्हटलं. "जरा थांबूया काय? पाणी तापाक नाय आजून."

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "तापला आसतला. तू नको. वयनीक हाक मार."

हातातला टॉवेल कुणाला द्यावा तेच कळेना. शेवटी वहिनीला हाक मारली. ती आली, तिने माझ्या हातातून सगळं घेतलं, भावाला बोलावून आईला खुर्चीत घालून न्हाणीत नेलं, भावाला बाहेर पाठवलं आणि दार लावून घेतलं. मी पडवीत थांबले. आत तांब्याचा आवाज झाला. पहिला तांब्या अंगावर पडला तेव्हा आईच्या तोंडून बारीकसा हुंकार निघाला, मग क्षणभर काही नाही. आणि मग ती मोठ्याने, पार पुढल्या अंगणात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "बरा आसा गो पाणी! एकदम बरा!"

सहा वर्षांत माझ्या हातचं पाणी तिला एकदाही बरं नव्हतं. एकतर चटका बसायचा, नाहीतर कापरं भरायचं. मी फोन उचलला आणि बावडीकडे गेले. पाणी कोमटसुद्धा नव्हतं. हंड्यात मी स्वतः हात घालून बघितला होता.